आधी बोट, मग रेघ

मुठीएवढी कापसाची गादी, शर्टाच्या डाव्या खांद्यात आतून शिवलेली.

प्लॅस्टरचा पाठीचा कणा, हुकाला टांगलेला. ओळंबा सोडावा तसा सरळ. वारा आला की हलतो, पण वाकत नाही.

मोठ्या बहिणीच्या लग्नातला फोटो. सगळे समोर बघतायत. एकच मुलगी किंचित आडवी उभी, जणू बाजूने कुणी हाक मारली आहे.

शाईने माखलेली लाकडी फूटपट्टी.

आणि एक सर्दी. ती मंगळवारी सकाळी होते आणि वर्ग सुटला की बरी होते.

मंडळी, या सगळ्याचा एकमेकांशी काय संबंध, असं तुम्हाला वाटलं तर ते चूक नाही. या सगळ्या गोष्टी एकाच मुलीच्या, आणि बरेच दिवस तिलाही तो संबंध दिसला नव्हता.

ती विद्यापीठात शरीररचना शिकत होती. हाडं, सांधे, स्नायू. पुढे तिला फिजिओथेरपिस्ट व्हायचं होतं. लेखी परीक्षेत तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. कुठला स्नायू कुठल्या हाडावरून निघतो आणि कुठे जाऊन चिकटतो, हे ती झोपेतून उठवलं तरी सांगायची. पण मंगळवारी मुलींच्या तुकडीचं पाठीचं प्रात्यक्षिक असे. एकीने मागून उघडा गाऊन घालून स्टुलावर बसायचं, दुसरीने तिच्या पाठीवरचा एकेक मणका बोटाने शोधून त्यावर शाईचं टिंब काढायचं. मग अदलाबदल. उद्या रुग्णाच्या अंगाला हात लावायचा, तर आज आपल्या अंगाला लावू द्यायचा, असा साधा हिशेब होता.

टिंबं काढायची पाळी असली की ही ठणठणीत. स्टुलावर बसायची पाळी आली की नाकाला रुमाल. "उघड्या पाठीने बसले तर छातीत उतरेल गं." वर्गाने तिचं नावच 'सर्दी' ठेवलं होतं.

खरं कारण असं की तिचा कणा वाकडा होता. उजवी बाजू उचललेली, डावा खांदा उतरलेला. लहानपणी डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं, बाक आहे, आता वाढणार नाही, काळजीचं काही नाही. दुखत नव्हतं. फक्त दिसत होतं.

मग एके दिवशी विभागाच्या फळ्यावर सूचना लागली. ज्यांची स्टुलावरची पाळी राहिली असेल त्यांनी येत्या मंगळवारी ती पूर्ण करावी, नाहीतर परीक्षेला बसता येणार नाही. म्हणजे वर्ष वाया. आणि पाळी राहिलेली अशी वर्गात एकच मुलगी होती.

घरी आई शिवणयंत्रावर बसली होती. आई शिवणकाम करायची. समोरच्या खोलीत लोकांच्या कपड्यांचे ढीग आणि त्यातून वाट काढत चालायचं. मुलीने सूचनेचं सांगितलं तसं यंत्राचं चाक थांबलं.

"पाठ उघडी म्हणजे किती उघडी?"

"पूर्ण."

"मग तुझा गाऊन मी शिवते. मागून उघडा ठेवते, पण खांद्याला जरासा कापूस..."

"आई, टिंबं पाठीवर काढतात. कापसावर काढणार का?"

आईने दोरा दाताने तोडला. "मग डॉक्टरांकडून लिहून आणू. कातडीचा काहीतरी आजार आहे, शाई सोसत नाही म्हणावं."

"म्हणजे असलेला बाक लपवायला नसलेला आजार सांगायचा."

"मोठी शहाणी झालीस. मी काय तुझ्या वाईटावर आहे? लोक एकदा बघतात बाळा, आणि मग जन्मभर तेवढंच बघतात. ताईचं मार्गी लागलं. तुझं सगळं अजून व्हायचंय."

या आईला नावं ठेवणं सोपं आहे. पण आपापल्या घरात डोकावून बघा. कुणाला कमी ऐकू येतं, तर आपण म्हणतो, "त्याचं लक्षच नसतं." कुणी लंगडत चालतं, तर पाहुण्यांना सांगतो, "काल पाय मुरगळला." तो पाय वर्षानुवर्षं कालच मुरगळलेला असतो. आपण हे प्रेमाने करतो, आणि ज्याच्यासाठी करतो तो मनात एवढंच शिकतो की माझ्यात काहीतरी झाकण्यासारखं आहे.

दुसऱ्या दिवशी मुलगी विभागप्रमुख बाईंच्या खोलीत गेली. विद्यार्थी त्यांना पाठीमागे हाडंबाई म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं आणि नाव त्यांना आवडलेलंही होतं.

"बाई, मला स्टुलावरच्या पाळीतून सूट हवी आहे."

"सर्दी?"

"नाही." तिने हातातली पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "माझा कणा वाकडा आहे."

बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. "बरं. मग?"

या 'मग'ची तिने तयारी केली नव्हती.

"मग... माझ्या पाठीवर कुणी काय शिकणार? पुस्तकातल्यासारखं जागेवर काहीच सापडायचं नाही."

बाई उठल्या, कपाटातून एक ट्रे काढला आणि गळ्याखालची दोन हाडं तिच्या हातात ठेवली. एक उजवं, एक डावं. "एकाच माणसाची आहेत. जुळव."

तिने एकावर एक धरून पाहिली. जुळेनात. उजवं आखूड आणि जाडजूड, डावं लांब.

"या विभागात तंतोतंत सरळ असा एकच गडी आहे," बाईंनी टांगलेल्या प्लॅस्टरकडे बोट केलं, "आणि तो कारखान्यातून आलाय. आईच्या पोटातून येणाऱ्यांना ते जमत नाही."

"पण माझा जास्तच आहे, बाई. लोकांना दिसतो."

"दिसतो ना. दिसत नाही असं मी कुठे म्हणतेय? पण उद्या दवाखान्यात एखादी पोर तुझ्यासमोर येईल, अशीच अंग चोरून बसलेली. तिला काय सांगशील? की तुझ्यासारख्या पाठीच्या वेळी मी सूट घेतली होती?"

मुलगी हाडांकडे बघत राहिली.

"नियम मी मोडणार नाही," बाई म्हणाल्या. "पण पाठ कुणासमोर उघडायची ते तू ठरवायचं. त्यात नियमाला तोंड घालू देणार नाही. पडदा लावू. आत तू, तुझी जोडीदार आणि मी. बाहेर कुणाला काही कळायचं कारण नाही."

मंगळवार. पडदा. स्टूल.

जोडीदार होती 'वकील'. बारीक चणीची, प्रत्येक गोष्टीवर वाद घालणारी आणि टिंबं काढण्यात वर्गात सगळ्यांत चपळ. तिची एक युक्ती होती. तिची एकटीचीच कशाला, सगळ्या वर्गाची होती; वरच्या वर्गाने खालच्या वर्गाला द्यायची आणि बाईंची पाठ वळली की वापरायची. मानेच्या तळाचं ठळक हाड शोधायचं, कमरेजवळचं शोधायचं, मध्ये फूटपट्टी धरून फिकट रेघ ओढायची आणि रेघेवर सारख्या अंतराने टिंबं देत खाली यायचं. झटपट होतं, सुबक दिसतं आणि सरळ पाठीवर बहुतेक बरोबरही येतं. सर्दीनेसुद्धा दुसऱ्यांच्या पाठीवर हेच केलं होतं.

गाऊनच्या नाड्या सुटल्या. ती 'अरेरे'ची वाट बघत होती.

"फूटपट्टी कुठे ठेवली मी?" वकील सवयीने पुटपुटली, बाई शेजारीच आहेत हे विसरून. बाईंनी ती निमूटपणे तिच्या हातात दिली.

रेघ ओढली गेली. टिंब, टिंब, टिंब.

"मधल्या टिंबावर बोट दाब," बाई म्हणाल्या. "काय लागतंय?"

"मऊ लागतंय. स्नायू असणार."

"हाड कुठाय?"

"इथेच पाहिजे, बाई. रेघ अगदी बरोबर आहे."

"रेघ बरोबर. मग पाठ चुकली म्हणायची?"

वकिलाने पुन्हा टिंबावर बोट दाबून पाहिलं.

"पूस सगळं. फूटपट्टी मला दे, आणि डोळे मिटून शोध."

स्पिरिटचा गार बोळा पाठीवरून फिरला. मग बोटं आली. मानेपासून हळूहळू, अंधारात जिना उतरावा तशी. एका ठिकाणी थांबली, मागे गेली, पुन्हा आली.

"हा एक. याच्या खाली... नाही. थांब. अगं, हा इकडे सरकलाय! आणि पुढचा त्याच्याहून इकडे. नुसता सरकला नाही, फिरलाय पण. म्हणून या बाजूच्या बरगड्या वर आल्यात! सर्दी, पुस्तकात यावर जेमतेम दोन ओळी आहेत गं, आणि तू एवढं सगळं घेऊन नुसती शिंकत बसलीस?"

मुलीला हसू आलं, आणि मग डोळ्यांत पाणीही आलं. या पाठीवर आजवर कितीतरी हात फिरले होते, पण ते झाकायला, सारखं करायला, "ताठ बस" म्हणायला. शोधायला कुणी आलं नव्हतं. आणि सापडल्याचा असा आनंद तर कुणालाच झाला नव्हता.

तेवढ्यात पडद्यापलीकडून आवाज आला. टक. कुणीतरी कुणाच्या तरी पाठीवर फूटपट्टी टेकवली होती. पुन्हा टक. तिच्या मनात आलं, या सगळ्या उद्या दवाखान्यात बसणार. तिच्यासारखी कुणी समोर आली की रेघ ओढणार, आणि जिथे हाड नाही तिथे टिंब देऊन मोकळ्या होणार. आणि वर म्हणणार, पाठ चुकली.

"बाई, पडदा उघडू?"

"ते तू ठरवायचं असं ठरलंय आपलं."

तिने हात लांब करून पडदा स्वतः ओढला. कड्या खळखळल्या. सगळ्या वळल्या. तिची उघडी पाठ, ओल्या शाईची ती वळणदार ओळ, उतरलेला खांदा, सगळं भर उजेडात होतं.

"म्हणजे सर्दी नव्हतीच का तुला?" मागून कुणीतरी विचारलं.

"नव्हती. पाठ होती." ती वळून म्हणाली. "या एकेक करून. फूटपट्टी आणायची नाही. आणि आधी हात चोळून गरम करा, वकिलाची बोटं बर्फासारखी आहेत."

हशा पिकला, आणि त्या हशात रांग लागली. एकीने शोधलं, चुकली, पुन्हा शोधलं. दुसरीला पहिल्याच फटक्यात सापडलं तेव्हा तिने हात वर करून दाखवला. पाळ्या संपल्यावर कुणाच्या तरी मनात आलं, आपल्या रेघांचं काय? रेघा पुसल्या गेल्या. डोळे मिटून बोटं नव्याने चालू लागली आणि खोलीभर आरोळ्या उठल्या. पोहण्यात विद्यापीठाचं पदक मिळवणारीचा एक खांदा बोटभर वर निघाला. एकाच खांद्यावर जड बॅग टाकून येणारीची मान एका अंगाला झुकलेली निघाली. खुद्द वकिलाच्या कमरेत जरासं वळण निघालं. "माझी हरकत आहे," ती म्हणाली, पण खुशीत होती.

बाईंनी सगळ्या फूटपट्ट्या गोळा केल्या आणि प्लॅस्टरच्या कण्याखाली ठेवल्या. "या त्याच्या. त्यालाच बरोबर बसतात."

संध्याकाळी मुलगी टिंबांसकट घरी आली. आईपुढे पाठ करून उभी राहिली आणि शर्ट वर केला.

"सगळ्यांनी बघितलं?" आईचा आवाज खोल गेला.

"सगळ्यांनी. रांग लावून."

"मग काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, परीक्षेआधी एकदा परत बस."

आईचं बोट पहिल्या टिंबावर आलं. तिथून दुसऱ्यावर, तिसऱ्यावर. वळण घेत ते कमरेपर्यंत उतरलं.

"मी रोज मापं घेते," आई हळूच म्हणाली. "दोन खांदे सारखे असलेलं गिऱ्हाईक मला अजून भेटायचंय. त्यांना कधी काही वाटू दिलं नाही. आणि माझ्याच लेकराला मात्र..." तिने वाक्य सोडून दिलं. टेबलावरची छोटी कात्री उचलली, मुलीच्या शर्टाच्या डाव्या खांद्यातली शिवण उसवली आणि गादी काढून बाजूला ठेवली. मग त्या खांद्याचं नवं माप घेतलं. उतरत्या खांद्याचं, जसं आहे तसं, आणि शिवण त्या मापाने पुन्हा घातली. "आता हा शर्ट तुला नीट बसेल," ती म्हणाली. आणि बसला.

परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी सर्दीलाच स्टुलावर बसवलं. वकील डोळे मिटून उभी.

"रेघ कुठे आहे तुमची?" परीक्षकांनी विचारलं.

"शोधतेय, बाई. ती पाठीत असते."

परीक्षकांनी स्वतः बोट लावून एकेक टिंब तपासलं. एकही हलवावं लागलं नाही. मग त्या स्टुलावरच्या मुलीला म्हणाल्या, "आता तुम्ही उठा, आणि ही माझी पाठ. मीसुद्धा काही सरळ नाही." सर्दीने हात चोळले, डोळे मिटले आणि सगळे मणके शोधून काढले. त्या वर्षी प्रात्यक्षिकात ती पहिली आली. पुढच्या वर्गाला हाडंबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं, आधी बोट, मग रेघ, आणि ते कसं ठरलं हे सांगायला तिलाच उभं केलं.

मंडळी, आपण सगळेच हातात फूटपट्टी घेऊन फिरतो. समोर माणूस आला की आधी रेघ ओढतो. तो रेघेवर बसला नाही की चूक त्याच्या पदरात टाकतो. रेघ माणसावरून काढायची असते, माणूस रेघेवरून नाही. आणि आपल्या माणसाचं वेगळेपण झाकण्यात प्रेम असेलही, पण ते शोधण्यात, समजून घेण्यात त्याहून मोठं प्रेम असतं. एवढं कळलं तरी कितीतरी पोरांची सर्दी बरी होईल.

पहिली गादी शिवली तेव्हा मुलगी सहावीत होती. घरात दुसरा कापूस नव्हता, म्हणून आईने तो आपल्या उशीतून काढला होता.