यंदा केक नको

गल्लीत त्याला सगळे केकवाला म्हणत. खरं तर बेकरीत तो पाव करायचा, टोस्ट करायचा, बिस्किटांचे पत्रे भट्टीत सारायचा. पण लोकांच्या लक्षात राहायचे ते त्याचे केक. संध्याकाळी दिवे लागले की तो कामाला निघायचा आणि उजाडता उजाडता परत यायचा, भुवयांवर मैदा आणि अंगाला लोणी-साखरेचा वास घेऊन. त्याची बायको हॉस्पिटलात रक्त तपासायच्या खोलीत कामाला होती. ती सकाळी निघायची. दोघांची गाठ पडायची ती बहुतेक उंबऱ्यातच. एकाच्या चपला निघत असायच्या, दुसरीच्या पायात चढत असायच्या. "दूध तापवलंय." "बरं." "धाकट्याचं नाक वाहतंय." "बरं." एवढ्यावर त्यांचा संसार चालला होता, आणि तसा बरा चालला होता.

मधला सगळा कारभार सासूबाईंच्या हाती असे. पण या उन्हाळ्यात त्यांच्या दुसऱ्या लेकीला जुळं झालं आणि त्या तिकडे गेल्या. शाळेला सुट्टी लागली. दोन मुलं, एक झोपाळू बाप आणि मागचं अंगण, असा हिशेब उरला.

पहिला आठवडा त्याने दिवसा झोपून मुलं सांभाळायचा प्रयत्न केला. तो अर्थातच फसला. धाकटा पाच वर्षांचा. तो येऊन बोटाने बापाची पापणी वर उचलायचा आणि आत डोकावून विचारायचा, "बाबा, तू आत आहेस का?" थोरली नऊ वर्षांची. ती उठवायची नाही. दारात उभी राहायची आणि बघत राहायची, आणि त्या बघण्यानेच त्याला जाग यायची.

"काय गं?"

"काही नाही. झोप तू."

थोरली कमी बोलायची आणि एकदा बोललं की त्यावरून हटायची नाही. आईवर गेली होती.

मागच्या अंगणात, कपडे वाळत घालायच्या तारेखाली, तिने कलिंगडाच्या बिया पेरल्या होत्या. थंडी सरता सरता घरात आणलेल्या एका कलिंगडाच्या होत्या त्या. त्यातली एक बी तगली आणि बघता बघता वेल अंगणभर हातपाय पसरून बसली. कपडे काढताना बायकोला टाचा उचलून चालावं लागायचं. आंघोळीचं पाणी, तांदूळ धुतल्याचं पाणी, सगळं थोरली वेलीला नेऊन घालायची.

एका रविवारी दुपारी जेवताना तिने जाहीर केलं, "यंदा माझ्या वाढदिवसाला केक नको."

केकवाल्याचा घास हातातच राहिला. "मग काय हवंय?"

"कलिंगड कापायचं. आपलं."

"आणि केक?"

"नको म्हटलं ना. कंटाळा आला."

बायकोने त्याच्याकडे बघितलं आणि हसू दाबण्यासाठी पाण्याचा पेला तोंडाला लावला. तोही हसला, पण घास काही नीट उतरला नाही. गावभरच्या पोरांनी त्याच्या केकसाठी हट्ट करायचा, आणि घरच्या लेकीने तोंडावर सांगायचं, कंटाळा आला. मनात कुठेतरी लागलंच त्याला.

वाढदिवस सुट्टीच्या शेवटाला होता. वेलीला फुलं पिवळीधमक येत होती, पण कलिंगड धरत नव्हतं. काही फुलांच्या खाली मण्याएवढी हिरवी गाठ दिसायची. थोरली जीव टाकून रोज बघायची, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती गाठ पिवळी पडून गळून जायची. शेवटी ती शेजारच्या टीसी आजोबांकडे गेली. हे गृहस्थ जन्मभर रेल्वेत तिकिटं तपासून निवृत्त झाले होते आणि अजूनही समोरच्या माणसाकडे, याच्याकडे तिकीट असेल का, अशा नजरेने बघायचे. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून फुलं तपासली.

"इथे मधमाशी येते का?"

"नाही दिसली."

"मग कसं व्हायचं? गाठ असलेलं फूल वेगळं, बिनगाठीचं वेगळं. याच्यातली पिवळी पूड त्याच्यात जायला हवी. मधमाशी नसेल तर तूच कर. सकाळी लवकर, फूल उमललं की लगेच. कसलातरी मऊ ब्रश लागेल."

दुसऱ्या दिवशी पहाटे केकवाला घरी आला तर थोरली पायरीवर बसलेली. केस पिंजारलेले, अंगावर आईची शाल.

"बाबा, तुझ्याकडे ब्रश असतात ना? पावावर अंड्याचा हात फिरवायचे?"

"असतात की."

"एक आण. धुतलेला. अंड्याचा वास नको."

पुढच्या पहाटे त्याने सगळ्यात मऊ ब्रश खिशात घालून आणला. खरं तर त्याला उभ्या उभ्या झोप येत होती. ब्रश तिच्या हातात देऊन आत जायचं, असंच तो ठरवून आला होता. पण ती ब्रश दाबून फिरवत होती आणि पूड खाली सांडत होती. नाजूक हाताचं काम होतं ते, आणि नाजूक हाताचं काम कोणी वेडंवाकडं केलेलं त्याला बघवत नसे. तो ओल्या मातीत गुडघे टेकून बसला. तिचा हात आपल्या हातात धरला.

"दाबायचं नाही. नुसतं टेकवायचं. साय काढतो तसं."

बिनगाठीच्या फुलातून ब्रश फिरला, गाठीच्या फुलावर टेकला. थोरलीने श्वास रोखून धरला होता. झाल्यावर तिने तो हळूच सोडला आणि म्हणाली, "उद्या पण."

मग रोजच तसं होऊ लागलं. तो यायचा, ती पायरीवर असायची. फुलं संपेपर्यंत दोघं वेलीत वाकलेले, आणि ती हळूहळू बोलू लागलेली. वर्गातल्या कोणाशी तिचं बिनसलंय, शाळेतल्या कोणत्या बाई बोलताना थुंकी उडवतात, धाकट्याने बिछाना ओला करून पाण्याचा पेला सांडल्याचं नाटक कसं केलं, सगळं. केकवाल्याला वाटलं, ही मुलगी अबोल आहे असं आपण कशावरून ठरवलं होतं? आपण जागे असायचो तेव्हा ती झोपेत नाहीतर शाळेत, आणि ती घरी असायची तेव्हा आपण घोरत पडलेले. अबोल नसती तरी कळलं कुणाला असतं?

एक गाठ टिकली. लिंबाएवढी झाली, मग चेंडूएवढी. धाकट्याला तिच्याशी गप्पा मारायची परवानगी मिळाली, पण हात लावायची नाही. केकवाल्याने मैद्याचं रिकामं पोतं आणून तिच्याखाली अंथरलं. ऊन फारच तापलं तेव्हा बायकोने आपली जुनी साडी तारेवर टाकून सावली केली आणि म्हणाली, "माझ्या दोन बाळंतपणांत एवढे लाड नव्हते झाले माझे."

वाढदिवस जवळ आला तसा सगळ्यांचा धीर सुटू लागला. कलिंगड मोठं तर झालं होतं, पण पिकलं का? थोरली बोटाने टकटक करायची आणि कान लावायची. धाकटा लगेच आपलं डोकं पुढे करायचा, "माझंपण वाजव. मी पिकलोय का?" टीसी आजोबांनी दोन्ही कलिंगडं वाजवून बघितली आणि दुसऱ्याबद्दलच खात्री दिली. पहिल्याबद्दल म्हणाले, "अजून आठ-दहा दिवस मिळाले असते तर बरं झालं असतं."

"वाढदिवस पुढे ढकलता येत नाही, आजोबा," थोरली म्हणाली.

अंगणात सगळ्या मैत्रिणी जमलेल्या, आणि आतून पांढरंफटक निघालं तर? त्या विचाराने केकवाल्याला राहवेना. आदल्या रात्री कामावर सगळ्या ऑर्डरी उरकल्यावर त्याने कोणाला न सांगता एक केक केला. साधाच, पण जीव ओतून. कडेने कलिंगडाची पानं काढली, हिरव्या साखरेची, शिरांसकट. सकाळी तो गपचूप टीसी आजोबांच्या फ्रिजमध्ये नेऊन ठेवला.

"हे काय? नको म्हणाली होती ना ती?"

"असू दे. लागलाच तर."

आजोबांनी त्याच्याकडे नेहमीच्या नजरेने बघितलं आणि फ्रिजचं दार लावलं.

त्या दिवशी केकवाला झोपलाच नाही. झोपणार कसा? केकचं काम असतं तर बेकरीतच संपलं असतं. कलिंगडाचं तसं नव्हतं. अंगण झाडायचं होतं, चटया पसरायच्या होत्या, फुगे फुगवायचे होते. धाकट्याने फुगवलेले फुगे बोराएवढेच होत होते. बायको अर्धी रजा टाकून आली आणि नवऱ्याला दुपारी दोन्ही डोळे उघडे ठेवून वावरताना बघून म्हणाली, "अरे, तू दिवसा असा दिसतोस होय?"

ऊन कलल्यावर मैत्रिणी आल्या. टीसी आजोबा इस्त्रीचा शर्ट घालून आले. थोरलीने स्वतः देठ कापला आणि बापाने कलिंगड उचलून पाटावर ठेवलं. तिने सुरी धरली. सुरी आत गेली, पण कलिंगड मधून तडकलं नाही, नुसतं मुकाट कापलं गेलं, आणि केकवाल्याला तेव्हाच समजलं.

दोन फाका झाल्या. आत फिकट गुलाबी. मधोमध जेमतेम रंग, कडेला पांढरं, बिया निम्म्याअधिक कोवळ्या. एका मैत्रिणीने दुसरीकडे बघितलं. थोरली सुरी धरून तशीच उभी होती, आणि तिचे कान लाल झाले होते.

केकवाला उठला. फाटकाकडे दोन पावलं टाकली. केक आणायला किती वेळ लागणार होता? आणि आणला की सगळं निभावून गेलं असतं, पोरींनी टाळ्या वाजवल्या असत्या. पण तेवढ्यात थोरलीने मान वर करून त्याच्याकडे बघितलं. दारात उभी राहून झोपलेल्या बापाकडे बघायची, तशीच बघत होती. त्याचा पाय अडला. का ते त्याला सांगता आलं नसतं. तो परत येऊन तिच्या शेजारी चटईवर बसला आणि म्हणाला, "पहिली फोड मला दे."

तिने दिली. त्याने ती खाल्ली. सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते. खोटं बोलावं असं त्याच्या अगदी जिभेवर आलं होतं.

"गोड नाहीये," तो म्हणाला. "पण रसाळ आहे. अजून एक दे."

धाकट्याने एक फोड तोंडात कोंबली आणि विचारपूर्वक चावली. "ही काकडी आहे," त्याने निकाल दिला. "काकडीचा वाढदिवस आहे."

थोरली आधी हसली नाही. मग तिचा ओठ हलला, मग खांदे, आणि मग ती पोट धरून खालीच बसली. तिच्या मागोमाग सगळ्या पोरी. बायकोने आतून मीठ आणि लिंबू आणलं, आणि ती फिकी फोड मीठ-लिंबू लावून बघितली तर बरी लागत होती. बघता बघता फडशा पडला. सालं डोक्यावर घालून पोरी अंगणभर नाचल्या. टीसी आजोबांनी बिया उडवायची शर्यत लावली आणि स्वतःच जिंकले.

सगळे गेल्यावर बायको आत भांडी घासत होती, धाकटा चटईवरच झोपला होता. केकवाला सालं गोळा करत होता. थोरली फुगे फोडत होती, एकेक, हळूच.

"बाबा, आजोबांच्या फ्रिजमध्ये केक आहे ना?"

त्याच्या हातातली सालं तिथेच थांबली. "तुला कोणी सांगितलं?"

"धाकट्याने. सकाळीच बोट लावून आलाय तो. पानाचं एक टोक नाहीये."

"मग बोलली नाहीस ती?"

"तू आणतोस का ते बघत होते."

त्याने सालं बादलीत टाकली. लपवण्यात अर्थ नव्हता. "आणणार होतो. उठलोही होतो."

"दिसलं मला." तिने आणखी एक फुगा फोडला. "दर वर्षी तू केक ठेवतोस आणि झोपायला जातोस. मग आम्ही हळू आवाजात गाणं म्हणतो, तुझी झोप मोडू नये म्हणून. केकच नसला तर थांबशील असं वाटलं."

तक्रारीचा सूर नव्हता तिचा. शाळेची वेळ सांगावी तसं तिने ते सांगितलं. एवढ्या वर्षांत किती मुलांची नावं त्याने साखरेत लिहिली होती, आणि इथे त्याच्याच घरात त्याच्यासाठी गाणं दबक्या आवाजात म्हटलं जात होतं. त्याने हात विजारीला पुसले आणि तिला जवळ ओढलं. ती थोडी अवघडून टेकली, मग नीट टेकली.

"आता म्हणायचं का गाणं?" तो म्हणाला. "मोठ्याने?"

"आता? सगळे गेले ना."

"आपण आहोत की. आईला बोलाव. मी केक घेऊन येतो."

"आजोबांना पण आण," ती म्हणाली. "नाहीतर ते रुसतील."

तो फाटक उघडून शेजारी गेला. दार वाजवायच्या आधीच आजोबांनी ते उघडलं. केकचं खोकं त्यांच्या हातातच होतं. तोवर थोरलीने धाकट्याला हलवून उठवलं होतं, आणि बायको ओल्या हातांनीच बाहेर आली होती.