लखमाच्या खाचरातली माती

“वयनी, ती पाटी भरू नको. माझ्या खाचरातली माती हाय ती.”

जना वाकली होती, वाकलेलीच राहिली. भाताच्या धसकटांतून लाल माती फावड्यानं पाटीत ओढत म्हणाली, “तुझी? ती तुझी कदीपासून झाली रे?”

लखमा तिचा धाकटा दीर. खर्डीच्या पलीकडच्या डोंगरात वरचा उतार तिचा, खालचं खाचर त्याचं. त्या उतारावर एके काळी गवतही धड उगवत नसे. जना आणि तिचा नवरा जैतू यांनी ओढ्यातले दगड डोक्या-खांद्यावरून आणून आडवे बांध रचले. बांधाआड माती अडली, नाचणी पिकू लागली. जैतू गेला तरी ढासळलेला दगड जना दर वर्षी पुन्हा बसवी.

यंदा ती वीटभट्टीवर गेली होती. तेवढ्यात वर कुणाचं तरी फार्महाऊस उभं राहिलं, कुंपणाला दगड हवे होते. लखमानं तिचे बांध उपसून ते दगड ट्रॅक्टरनं तिथं पोचवले. ती परतली तेव्हा पाऊस तोंडावर होता. मग साऱ्या पावसाळ्यात तिची माती खाली वाहत आली. वर नुसता मुरूम उरला.

“दगडच तर व्हते,” लखमा म्हणाला. “त्यात एवढा काय?”

जना ताठ उभी राहिली. “तुझ्या भावाच्या मानेवर घट्टा पडलेला दगड वाहून. मेल्यावर त्याला आंघोळ घातलीस ना तू? हाताला लागला नाय तुझ्या?”

लखमानं पाटीची कड धरली. तिनं हिसका दिला. पाटी उलटली. त्याच्याकडे न बघता तिनं ती पुन्हा भरली, डोक्यावर घेतली आणि चढ चढू लागली.

वर तिनं नवा बांध घातला होता, गुडघ्याएवढाच. त्याच्याआड माती ओतली. एवढ्या उतारावर ती एका गोधडीएवढी दिसत होती.

मागून लखमाची बायको लहानी आली. तिच्याही डोक्यावर पाटी होती. खालून लखमा हाका मारत होता. तिनं ओ दिली नाही. माती ओतून ती बांधाकडे बघत उभी राहिली.

जनाचा राग उतरला नव्हता.

“बघत काय रातेस?” ती खेकसली. “पायानं दाब. पोकळ रायली तर परत जाईल.”