हत्ती किती मीटरवर?

वनखात्याच्या संघपाल साहेबांनी टेबलावर दोन खोकी ठेवली आणि वारलू मडावीला म्हणाले, यातलं एक उचला. एकात दुर्बीण होती, काळीभोर, दोन नळ्यांची, गळ्यात अडकवली की चपराशीसुद्धा मोठा अधिकारी दिसावा अशी. दुसऱ्यात साबणाच्या वडीपेक्षा जरा मोठं असं एक यंत्र होतं. एका डोळ्याने त्यातून बघायचं, बटण दाबायचं, की समोरची वस्तू किती मीटरवर आहे त्याचा लाल आकडा आत उमटायचा. नागपूरच्या कुठल्याशा संस्थेने ही दोन्ही भेट दिली होती. एक वारलूच्या कोसमटोल्याला, एक शेजारच्या गावाला.

दुसरा कुणी असता तर त्याने डोळे मिटून दुर्बीण उचलली असती. वारलूने साबणाची वडी उचलली.

"वारलूभाऊ, विचार करा. त्याच्यातून हत्ती तेवढा मोठा नाई दिसत," साहेब म्हणाले.

"हत्ती मोठाच हाये साहेब. अजून मोठा दिसून काय फायदा?"

तर याला कारण होतं. वारलू म्हणजे बावीस वर्षं रोजंदारीवर जंगल राखणारा माणूस. आरमोरीकडच्या धानात हत्तींचा कळप यायला लागल्यापासून त्याचं काम एकच: सकाळ-संध्याकाळ कळप कुठे आहे ते बघायचं आणि गावकऱ्यांना त्याच्यापासून लांब ठेवायचं. मागच्या हंगामात साहेबांनी आपली जुनी दुर्बीण त्याला वापरायला दिली आणि वारलूच्या जिवाला घोर लागला. सगळं गाव रांग लावून उभं. ठमाबाईंनी ती उलट्या बाजूने डोळ्याला लावली, "येवढुसे त हायेत, अन् किती लांब!" म्हणाल्या आणि पुन्हा धान कापायला बसल्या. कळप एक बांधी, म्हणजे धानाचं एकच खाचर, सोडून होता. चौघांनी म्हातारीला उचलून आणलं, तेही हातात विळा आणि तोंडात शिव्या असताना. मग डोमाने सरळ बाजूने पाहिली. त्याच्या डोळ्यात एकदम सुळाच भरला. तो जो धूम पळत सुटला तो थेट बोडीच्या पाण्यात पडला आणि मनगट मोडून घेतलं. वारलूने तेव्हाच ठरवलं, लोकांना हत्ती दाखवायचाच नाही. हत्तीचा आकडा सांगायचा.

पहिले आठ दिवस काय छान गेले म्हणता! वारलू बांधावर उभा राही, यंत्र डोळ्याला लावी आणि ओरडे, सहाशे चाळीस. लोक निवांत धान कापत. आकडा तीनशेच्या आत आला की विळे कमरेला खोचून घरी जायचं, असा त्याने नियम केला आणि नवल म्हणजे लोकांनी तो पाळला. बावीस वर्षांत वारलूला लोकांनी एकच प्रश्न विचारला होता, साहेब कुठी हायेत. आता चौकातून जाताना दहा जण थांबवून विचारत, हत्ती किती मीटरवर? टपरीवाला हेमराज त्याला पहिला कप देई आणि रोजचा आकडा खडूने फळ्यावर लिही. वारलू इतका फुगला की घरात चुलीपासून खाटेपर्यंतचं अंतरही मोजायला लागला. पुन्हा हे घरात दिसलं तर चुलीत घालीन, असं त्याच्या बायकोने, मंगलीने, बजावलं तेव्हा कुठे थांबला.

नवव्या दिवशी प्रफुल नावाचा एक पोरगा बांधावरून खाली उतरला, कळपाकडे बराच आत चालत गेला आणि तिथून ओरडला, "भाऊ, मी किती?"

वारलूने सवयीने मोजलं. आधी हत्ती, मग पोरगा, मग वजाबाकी. एकशे अठरा. त्याने सांगितलं मात्र, हेमराजने फळ्यावर रोजच्या आकड्याखाली प्रफुलचं नाव लिहिलं आणि तिथेच घात झाला. दुसऱ्या दिवशी आयुषने शहाण्णव केले. तिसऱ्या दिवशी ब्रह्मपुरीहून जीप भरून पोट्टे आले. ज्या यंत्राने लोकांना हत्तीपासून लांब ठेवायचं, त्याच्याच जोरावर कोण किती जवळ जातो याची शर्यत लागली! वारलू घसा फोडून तीनशेचा नियम सांगायचा. पोरं म्हणायची, भाऊ, तुमी फक्त आकडा सांगा.

आणि वारलू सांगत होता, हे खरं दुखणं. आकडा नाही सांगितला तर पोरं बांधावरून निघून जातील, मग पुन्हा साहेब कुठी हायेत. आपण फक्त वाचतो, जाणारे जातात, अशी तो स्वतःची समजूत घालायचा.

"तुमी सांगता म्हणून जातेत ना ते," मंगली एकदा म्हणाली. तो तिच्यावर खेकसला, पण ते त्याला लागलं.

त्यानंतर चौथ्या संध्याकाळी प्रफुलने जाहीर केलं, आज पन्नासच्या आत. बांधावर चाळीस माणसं जमली. कळप धानाच्या कडेला चरत होता. प्रफुल हत्तींकडे पाठ करून निघाला, हात लांब करून मोबाइल धरलेला, आणि फोटोत मागे हत्ती यावा म्हणून चक्क उलटा चालत. बांधावरचे लोक हसून लोळत होते. वारलूने यंत्र लावलं. हत्ती दोनशे तीस, पोरगा एकशे छप्पन. चौऱ्याहत्तर.

कळपात सर्वात पुढे पिल्लाची आई होती. तिने खाणं थांबवलं. कान पसरले.

पळ म्हणून ओरडावं तर वारलू रोजच ओरडत होता, लोक रोजच हसत होते. चौऱ्याहत्तर सांगावं तर ते बावळं आणखी पंचवीस पावलं मागे जाणार. त्याने आयुष्यात आकडा कधी खोटा सांगितला नव्हता.

"अडतीस!" तो ओरडला.

बांधावर एकच गलका झाला. प्रफुलने मूठ वर केली आणि जिंकलेला माणूस पळतो तसा तो आनंदाने बांधाकडे पळत आला. मागे हत्तिणीने सोंडेने चिखल उडवला, थोडा वेळ बघत राहिली आणि पिल्लाला घेऊन वळली. वारलू खाली बसला.

तेवढ्यात आयुष पँट गुडघ्यापर्यंत दुमडू लागला. "मी पस्तीस करतो," म्हणाला.

वारलूने हातातल्या यंत्राकडे पाहिलं, मग जमलेल्या चाळीस तोंडांकडे. तो उठला. गवताचा भारा घेऊन मंगली दहा-बारा पावलांवर उभी होती. त्याने यंत्र तिच्यावर धरलं आणि मोठ्याने वाचलं, "मंगली, चारशे बारा." मग पलीकडचं मोहाचं झाड. "मोह, सतरा."

"मशीन बिघडली बावा," वारलू म्हणाला. "पयल्या दिवसापासूनच बिघडेल असन."

"अन् माहा अडतीस?" प्रफुलचा चेहरा पडला.

"कोणाले मालूम. तीनशे बी असन."

मग काय विचारता! ज्याला त्याला आपला आकडा बुडाल्याचं दुःख. तुमाले निवडता येत नाई त दुर्बीण काऊन नाई घेतली, असं चाळीस जणांनी वारलूला चाळीस वेळा सुनावलं. हेमराजने ओल्या फडक्याने फळा पुसला. जीप ब्रह्मपुरीला परत गेली. आणि हत्ती नेमका किती लांब आहे हे आता कुणालाच ठाऊक नसल्यामुळे गावात जुनी भीती परत आली. नुसत्या चीत्काराने लोक विळे खोचून घर गाठू लागले.

जेवताना मंगलीने विचारलं, "मी खरंच चारशे बारा?"

"अकरा," वारलू म्हणाला.

"अन् थो पोट्टा?"

"चौऱ्याहत्तर." एवढं सांगताना त्याला रडू आलं. मंगलीने न मागता त्याच्या ताटात भात वाढला.

दुसऱ्या संध्याकाळी तो चौकातून निघाला तेव्हा टपरीवर गर्दी होती. हेमराजने हाक मारली, "वारलूभाऊ, थे पाण्याची टाकी किती दूर हाये, सांगा न जरा." टाकी गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. वारलू थांबला, यंत्र काढलं, एक डोळा मिटून नीट नेम धरला.

"सहा मीटर," तो गंभीरपणे म्हणाला.

हसता हसता लोकांची पुरेवाट झाली. ते हसू मागे ठेवून वारलू धानातून चालत बांधावर गेला. बांधावर एकही माणूस नव्हता. कळप जंगलातून बाहेर येत होता. वारलूने बटण दाबलं. एकशे नव्वद आला. तो आकडा त्याने कुणालाच सांगितला नाही.