भुरीचा डबा

दादा गेले त्याच्या तिसऱ्या सकाळी पुढच्या उंबऱ्यावर एक काळा हात पडलेला होता.

हात म्हणजे माझ्या मधल्या बोटाएवढा. वाळक्या काड्यांसारखी लांब बोटं, बोटांच्या मधे जळक्या प्लास्टिकसारखं काहीतरी ताणलेलं आणि एका टोकाला बारीक, वाकडी नखी. रक्ताचा थेंबही नव्हता. चांगुणाकाकूंनी तो पाहिला आणि हातातल्या कपबशा तिथंच ओट्यावर ठेवल्या.

"बाहुलीचा हात हाय," त्या म्हणाल्या. "कुणीतरी केलंय."

"कुणी?"

त्यांनी मान वळवून शेजारच्या गजराबाईंच्या दाराकडं बघितलं, एवढंच.

दादा, म्हणजे माझे वडील मच्छिंद्र गुरुजी, सास्तूरच्या शाळेत पस्तीस वर्षं शिकवत होते. कुणाच्या दाराला लिंबू-मिरची दिसली की तिथंच उभे राहून बावीस प्रतिज्ञा म्हणून दाखवायचे. लोक त्यांना लांबून येताना बघून लिंबू काढून ठेवत. त्याच माणसाच्या घरात, त्याच्या हार घातलेल्या फोटोसमोर, त्याचा सख्खा भाऊ मंजनाच्या रिकाम्या डबीत लाल फडकं अंथरत होता.

चौथ्या दिवशी आणखी एक हात सापडला. पाचव्या दिवशी दोन, एक डावा, एक उजवा. प्रेमानंदकाकांनी सगळे डबीत ठेवले.

"काका, भुरीनं आणलं असेल." भुरी म्हणजे दादांची मांजर.

"मांजर हात आणतं व्हय? मांजर उंदीर आणतं. आन् भाऊ व्हता तवा का न्हाय आणलं? त्यो गेला आन् सुरू झालं. सांग की, लई शिकलेली हायस तू."

प्रश्न बरोबर होता, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

काकांनी ठरवून टाकलं होतं. रविवारी पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला गजराबाईंनी यायचं नाही. त्याआधी डबी एका जाणत्याला दाखवायची आणि तो नाव घेईल ते गावात सांगायचं. गजराबाई एकट्या राहतात. आई गेल्यापासून दोन वर्षं दादांना दोन वेळची भाकरी त्यांच्याच चुलीवरून येत होती. गावानं एकदा बाईचं असं नाव घेतलं की तिला नळावर पाणीसुद्धा सुखानं भरता येत नाही, हे मी लहानपणी पाहिलेलं आहे.

"शेवटचा महिनाभर भावजींचं समदं मी केलं," काकू आलेल्या प्रत्येकीला सांगत होत्या. "रोज झाडलं, पुसलं. ती निस्ती दारात डबा ठिवून जायाची. आत यायला का भ्यायची? मनात काय असल्याबिगर?"

मी लातूरला एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. पुस्तकं सांभाळता सांभाळता नको ते पुष्कळ वाचून होतं. पाचव्या दिवशी सापडलेल्यातला एक हात मी मागून घेतला, खिडकीत पांढऱ्या कागदावर ठेवला आणि नीट पाहिला. एक आखूड अंगठा, त्यालाच नखी. चार लांब बोटं, प्रत्येकाला सांधे. मधलं प्लास्टिक म्हणजे कातडी. हात नव्हताच तो. वटवाघळाचा पंख होता. मांजर धड खातं, पंखात खाण्यासारखं काही नसतं म्हणून टाकून देतं.

काकांना सांगितलं. ते म्हणाले, "पुस्तकातलं मला सांगू नगं. आधी का न्हाय आणलं, ते सांग."

उत्तर मला मागच्या दारापाशी मिळालं. त्र्याण्णवच्या भूकंपात आमच्या जुन्या घराचं दार अडकलं आणि माझी आत्या आत राहिली. नवीन घर मिळालं तेव्हापासून दादांनी मागच्या दाराला कधी कडी लावली नाही. पावसाळा असो, चोरांची आवई असो, दार नुसतं लोटलेलं असायचं. पाहुणा आला तरी त्याला ही ताकीद असे. दादा गेले त्या दिवशी संध्याकाळी मी ते दार लोटलं आणि कडी घातली. फ्लॅटमधल्या बाईचा हात, आपोआप गेला. भुरीची वाट मी बंद केली होती. म्हणून ती पुढच्या उंबऱ्यावर बसून खात होती.

म्हणजे आधी ती आत येऊन खात होती. कुठं?

मी दादांच्या खोलीत गेले. खाटेखालच्या दोन ट्रंका ओढून काढल्या. त्यांच्या मागं, भिंतीला लागून, पंखांचा ढीग होता. खालचे धुळीनं राखाडी झालेले, जाळी धरलेले. वरचे अजून काळे.

मी ट्रंका तशाच ठेवल्या. मग गजराबाईंकडं गेले. त्या दारात जोंधळा निवडत होत्या. मला बघून सूप बाजूला ठेवलं नाही.

"मावशी, भुरी खाटेखाली काय खायची?"

"वाघळं. मागल्या पत्र्याखाली हायत की मायंदाळ. गुरुजी सकाळी वाकून केरसुणीनं पाख काढायचे. मला म्हणायचे, गजराबाई, आज दोन डबे आले. एक तुमचा, एक भुरीचा." त्या हसल्या नाहीत. "मग त्यांचं वाकणं बंद झालं. तवा म्या काढायची."

"आणि नंतर?"

"नंतर तुझ्या काकूनं सांगितलं, उंबरा चढू नगं, लोक नावं ठिवत्यात. गुरुजी जायच्या आधी महिनाभर. म्या डबा दारात ठिवायची."

"मला फोन करायचा ना, मावशी."

"गुरुजी करत नव्हते व्हय?"

करत होते. दर रविवारी. बरं आहे म्हणायचे, तू तुझी कामं कर. मी करत होते.

शनिवारी सकाळी बैठकीत काका, काकू आणि चार नातेवाईक बसले होते. मी ढीग सुपात भरला आणि सूप काकूंच्या पुढं ठेवलं.

"हे खाटेखाली होतं, काकू. तुम्ही रोज झाडत होतात."

काकूंनी पदर तोंडाला लावला. काका म्हणाले, "अगं, खाटंखाली कोण बघतंय..."

"दादा बघत होते. वाकता येत होतं तोवर. मग गजराबाई बघत होत्या." माझा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "तुम्ही विचारत होतात ना, आधी का नाही आणलं? आधीही आणत होती. ही करणी नव्हे, काका. हा केर आहे. महिन्याचा केर. डबी दाखवायला नेणार असाल, तर हे सूपही न्या."

"तुला लई कळवळा," काकू पदराआडून म्हणाल्या. "तू कवा आलीस गं महिन्यात?"

"नाही आले. पण आले असं सांगत फिरलेही नाही."

काकांनी डबी उघडली, पंख सुपात ओतले, फडकं खिशात घातलं. सूप मी उकिरड्यावर रिकामं केलं आणि येताना मागच्या दाराची कडी काढली.

रविवारी गजराबाईंना बोलवायला मीच गेले. त्या म्हणाल्या, "येते. मागल्या दारानं."

"मागचं भुरीचं आहे. तुम्ही पुढून या."

त्या आल्या. आल्या तेव्हा काकू स्वयंपाकघरात निघून गेल्या. गजराबाईंनी फोटोला फूल वाहिलं, हात जोडले. मग कुणाला न विचारता दादांच्या खोलीत शिरल्या, गुडघ्यावर हात टेकून वाकल्या आणि खाटेखाली पाहिलं.

"झाडलंय, मावशी," मी म्हणाले.

"आता झाडलंय," त्या म्हणाल्या.