खंडेनवमीचा हुक

काटईच्या यार्डात पोपट खिलारेला सगळे साखळीवाला काका म्हणत. ट्रेलरवर चढवलेला अवजड माल बांधायच्या साखळ्या, त्यांचे हुक, पट्टे आणि ते आवळायचे रॅचेट, एवढंच त्याचं राज्य. शिरूरकडून आलेला हा काटकुळा माणूस तेवीस वर्षं त्या राज्यावर बसून होता आणि कामाच्या बाबतीत असा खाष्ट होता की खुद्द मालक नाथाशेठ भोईर त्याच्याशी साखळीवरून वाद घालत नसे. तो हसला की ड्रायव्हर लोकांना काळजी वाटायची.

त्याची एक पद्धत होती. दर महिन्याला प्रत्येक हुक रॉकेलने पुसायचा, फडक्याने कोरडा करायचा, वरून खडू घासायचा आणि चहा पिऊन यायचं. हुकाला तडा असला तर आत शिरलेलं रॉकेल हळूहळू बाहेर येतं आणि पांढऱ्या खडूवर केसाएवढी ओली रेघ उमटते. रेघ दिसली की हुक बाद. नुसता बाद करून भागत नाही, कारण आपल्याकडे भंगारातला धड दिसणारा हुक कुणीतरी उचलून पुन्हा साखळीला लावतोच. म्हणून पोपट त्याच दिवशी गॅस कटरने त्याचे दोन तुकडे करायचा. जेवणाची वेळ झाली तरी तुकडे आधी, डबा नंतर.

आणि ड्रायव्हरांना त्याचा एकच धडा होता. निघाल्यावर पाच किलोमीटरवर गाडी बाजूला घ्या, उतरा, प्रत्येक रॅचेट पुन्हा आवळा. माल हादऱ्याने बसतो, साखळी सैल पडते. हे तो इतक्या वेळा सांगायचा की पोरं त्याची नक्कल करायची. विठ्ठलवाडीचा बंटी मात्र नक्कलही करायचा आणि थांबायचाही. एकोणतीस वर्षांचा, दोन वर्षांपूर्वी लग्न झालेला, ट्रेलर असा चालवायचा की पाठीमागे बांधलेल्या मशीनवर ठेवलेला चहा सांडू नये. पोपटला स्वतःला मूलबाळ नव्हतं. बंटीवर त्याचा जीव होता, हे त्याने कधी बोलून दाखवलं नाही, पण त्याच्या बायकोने, रंगूबाईने, घरी काही गोडधोड केलं की एक डबा जास्त भरला जायचा.

त्या वर्षी अष्टमीच्या दुपारी एका हुकावर रेघ उमटली. मानेपाशी, जिथे सगळा ताण येतो तिथेच. पोपट कटर घ्यायला गेला तर सिलिंडरला आणि कटरला लाल नाडा बांधून झाला होता. नाथाशेठच्या बायकोने, बायजाने, सकाळीच अवजारं उतरवली होती. यार्डाचा रिवाज असा की एकदा नाडा बांधला की दसरा उलटेपर्यंत त्या अवजाराला हात लावायचा नाही. खंडेनवमीला सगळं लोखंड धुवायचं, काळा रंग द्यायचा, ताडपत्रीवर ओळीने मांडायचं, हळदकुंकू वाहायचं. दोन दिवस गाड्या उभ्या. पोपटने मनात म्हटलं, एकादशीला सकाळी पहिलं काम हेच. तेवीस वर्षांत पहिल्यांदा त्याने तडा गेलेला हुक रात्रभर धड ठेवला.

एवढ्यावर राहिलं असतं तरी चाललं असतं. पण संध्याकाळी सगळ्यांच्या साखळ्या रंगवून झाल्या आणि तो हुक आपल्या साखळीसकट कोपऱ्यात पडलेला त्याला दिसला. बारा वर्षं त्या हुकाने ट्रान्सफॉर्मर धरले होते, बॉयलर धरले होते. एवढं राबवून घ्यायचं आणि पूजेच्या दिवशी बाहेर ठेवायचं, हे पोपटला बरं वाटेना. त्याने स्वतः ब्रश घेतला, हुक पुसला, दोन हात रंग दिला आणि ओळीच्या टोकाला मांडला. रंग वाळल्यावर तो इतरांइतकाच देखणा झाला. दुसऱ्या दिवशी बायजाने त्यालाही हळदकुंकू वाहिलं आणि पोपटने मनोभावे हात जोडले.

एकादशीला डोंबिवली एमआयडीसीतल्या बंद पडलेल्या कारखान्यातलं अकरा टनांचं प्रेस मशीन मुरबाडला पोचवायचं होतं. क्रेन पहाटेचीच मिळाली. बंटी पाचला यार्डात आला, ताडपत्रीवरून चार साखळ्या उचलल्या आणि गेला. ताज्या रंगवलेल्या, पूजलेल्या साखळ्या. त्यांच्यावर संशय घेण्याचं त्याला काय कारण होतं? पोपट नेहमीप्रमाणे आठला आला, तेव्हा शहाडच्या पुलाची बातमी त्याच्या आधी यार्डात येऊन बसली होती. चढावर मशीन मागे सरकलं होतं आणि खाली कोसळलं होतं. मागे स्कूटरवर मोहने गावची सुमेधा नावाची परिचारिका होती, रात्रपाळी संपवून घरी निघालेली. ती जागीच गेली. तिला सहा वर्षांची मुलगी होती, उर्वी.

दुपारी नाथाशेठने मोबाइलवर काढलेला फोटो दाखवला. हुक मानेत तुटला होता. तुटलेल्या तोंडाचा अर्धा भाग चांदीसारखा चकचकीत होता आणि अर्धा काळा, गंजलेला. काळा भाग म्हणजे जुना तडा, चकचकीत म्हणजे त्या सकाळी तुटलेला. हे वाचायला शिकलेला माणूस यार्डात एकच होता. पोपट तिथेच टायरवर बसला.

"शेठ, हा मी बाद केलेला," तो म्हणाला. "अष्टमीला. कापायचा राहिला."

नाथाशेठने इकडेतिकडे पाहिलं. "कुनाला बोललास?"

"नाही."

"मंग आथा बोलू नको. सामान खराब होतं असं निंगालं तर विमा नाय, परमिट नाय, तू आत नि मी पन आत. बावीस घरं चालतान या यार्डावर. ड्रायव्हरला काय, जामीन मिलंल. वकील मी देतो."

नाथाशेठ दुष्ट नव्हता. वकील त्याने खरंच दिला. पण त्या संध्याकाळी पोलिसांपुढे पोपटने जबाब दिला की साहित्य सुस्थितीत होतं, आणि खाली सही केली. सही नेहमीसारखीच वळणदार आली, याचंच त्याला पुढे नवल वाटत राहिलं. गाडी बॉण्डवर सुटून आली तेव्हा तुटक्या साखळीचं पोतंही परत आलं आणि त्याच आठवड्यात भंगारवाल्याच्या टेम्पोत गेलं. फोटो शेठने पुसून टाकला. पोपट सगळं बघत होता. तो घाबरला होता, दुसरं काही नाही. भल्या माणसांची भीती फार सभ्य असते, ती स्वतःला नेहमी दुसऱ्यांच्या पोटापाण्याची नावं देते.

बंटी जामिनावर सुटला आणि घरात बसला. तो कुणाशी बोलतच नाही, असं त्याची बायको विनिता चार महिने फोनवर सांगत होती. मग माघात एक दिवस तिचा फोन आला. "काका, सोमवारी तारीख आहे. हे गुन्हा कबूल करणारेत. वकील डोकं फोडतोय, ऐकतच नाहीत. तुमचं ऐकतील. या ना एकदा."

त्या रात्री पोपटने रंगूबाईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मग अजून इथं काय करताय?"

रविवारी दुपारी तो विठ्ठलवाडीला उतरला. चाळीतली एकच खोली. बंटी खाटेवर भिंतीला टेकून बसला होता, दाढी वाढलेली, मनगटं बारीक झालेली. विनिताने पाणी दिलं आणि स्टोव्हपाशी जाऊन उभी राहिली. पोपट पाणी प्यायला नाही. बोलायचं ते त्याने बसमध्ये शंभरदा घोकलं होतं.

"बंटी, कबूल करू नकोस. चूक माझीये. तो हुक तडकलेला होता. अष्टमीला मीच रेघ बघितलेली. कटरला नाडा बांधलेला म्हणून कापायचा राहिला. मग मीच त्याला रंग लावला, पूजेत मांडला. तू तोच उचललास. मी पोलिसांना खोटं लिहून दिलं. उद्या कोर्टात मी उभा राहतो, सगळं सांगतो."

बंटीने त्याच्याकडे पाहिलं. चार महिन्यांत पहिल्यांदा त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं, असं विनिताने नंतर सांगितलं. तो हसला होता.

"काका, विनिताने बोलावलं ना तुम्हाला?"

"तिचा काय संबंध? मी खरं सांगतोय."

"तुम्ही तडकलेला हुक न कापता ठेवलात? तुम्ही? त्याला रंग लावलात?" बंटीने मान हलवली. "अख्खं यार्ड विश्वास ठेवणार नाही. दुसरं काहीतरी सांगायचं ना."

"रंगूची शपथ घेतो."

"नका ना काकींना मध्ये आणू." बंटी सरळ बसला. त्याचा आवाज अगदी शांत होता. "मी थांबलो नव्हतो, काका. पाच किलोमीटरवर. पत्रीपुलाच्या अलीकडे गाडी बाजूला घेणार होतो, हवालदार काठी आपटत होता, चल चल. मी म्हटलं, शहाडचा पूल उतरून आवळू. तेवीस वर्षं तुम्ही एकच गोष्ट सांगितली आणि मी त्याच दिवशी ती केली नाही. ती बाई मला आरशात दिसत होती. हेल्मेट निळं होतं."

"आवळून काय झालं असतं? हुकच कमजोर होता. आवळला असतास तर तिथेच तुटला असता."

हे बोलून गेल्यावर पोपटला कळलं की तो काय बोलून गेला.

"तेच म्हणतो मी," बंटी म्हणाला. "तुमचं खरं धरलं, तरी तिथेच तुटला असता. उभ्या गाडीत, माझ्या हातात. मशीन जागेवर राहिलं असतं. ती घरी गेली असती. म्हणजे तुमचं खरं असलं तरी चूक माझीच आहे. आणि तुमचं खरं नाहीये."

माणसाने मन घट्ट करून आपलं पाप उंबऱ्यापर्यंत आणावं आणि समोरच्याने ते हातातही घेऊ नये, याइतकी वाईट शिक्षा कुठल्या कलमात नसेल. पोपट आणखी तासभर बसला. खडूची रेघ कुठे होती ते त्याने स्वतःच्या मानेवर बोट ठेवून दाखवलं. फोटोतला काळा भाग, चकचकीत भाग, सगळं सांगितलं. बंटी मायेने ऐकत राहिला, आजारी माणसाची बडबड ऐकावी तसा.

विनिता त्याला रिक्षापर्यंत सोडायला आली. गल्लीच्या तोंडाशी ती थांबली.

"काका, हे उद्या कोर्टात सांगाल? जे आत सांगितलंत ते?"

"सांगतो म्हणजे काय, सांगणारच."

"मला माहितीये ते खोटं आहे," ती म्हणाली. "पण तुम्ही सांगितलंत तर कदाचित वाचतील. माझ्या सख्ख्या काकांनी नसतं केलं एवढं." आणि तिने डोळे पुसले. पोपटला तिला गदागदा हलवून ओरडावंसं वाटलं. तो रिक्षात बसला.

सोमवारी तो कल्याणच्या कोर्टात नऊपासून उभा होता. इस्त्रीचा सदरा, खिशात लिहून आणलेला कागद. शेठच्या वकिलाने कागद वाचला, घडी घालून परत दिला. "पोलिसांपुढचा तुमचा जबाब उलटा आहे. हुक कुठाय? फोटो कुठाय? आरोपी स्वतः कबूल करतोय. तुम्हाला कोण विचारणार आजोबा?" पोपटने ऐकलं नाही. बंटीचं नाव पुकारल्यावर तो मागच्या बाकावरून उठला आणि म्हणाला, "साहेब, मला बोलायचंय." शिपायाने खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवलं. तो पुन्हा उठला. तेव्हा त्याला बाहेर काढलं. पुढच्या बाकावर सुमेधाचा नवरा बसला होता. त्याने एकदा वळून पाहिलं, गोंधळ घालणाऱ्या म्हाताऱ्याकडे बघावं तसं, आणि पुन्हा पुढे तोंड केलं.

वीस मिनिटांत आटोपलं. दीड वर्ष. दोन पोलिसांबरोबर बंटी जिन्याने खाली आला. त्याचा चेहरा चार महिन्यांत नव्हता इतका मोकळा दिसत होता. पोपट कठड्याला धरून उभा होता, कागद मुठीत चुरगळलेला. बंटी त्याच्यापाशी थांबला. पोलिसही थांबले, वयस्कर माणूस दिसला म्हणून असेल.

"ऐक, बंटी," पोपट म्हणाला, "मी वरच्या कोर्टात जातो."

"पुरे आता काका. खूप केलंत माझ्यासाठी."

आणि बेडी घातलेले दोन्ही हात तसेच जोडून बंटी वाकला आणि त्याने पोपटच्या पायांवर डोकं टेकवलं. पोपटला पाय मागे घ्यायचे होते. मागे भिंत होती.