आळीचा पाच

“थांबा गं, थांबा!” पोनिराह आजींनी गाता गाता हात वर केला आणि चौदा बायकांचे लाकडी हातोडे जागच्या जागी थांबले. “हे वाजतंय ते कुणाचं? आपलं नाही हे.”

सगळ्यांनी ह्यांच्याकडे पाहिलं. हे म्हणजे माझे यजमान, तुकिजान. जावातल्या आमच्या सोलो शहरात गामेलान, म्हणजे काशाच्या वाद्यांचा संच, सुरात जुळवणारे चार-पाच कारागीर काय ते उरलेत, त्यांतले हे सगळ्यांत म्हातारे. आळीचा काशाचा संच जुना होऊन ढिला पडला होता. तो ह्यांनी चावडीच्या फरशीवर नऊ दिवस कानस चालवून नव्याने जुळवला होता. रविवारी शहराच्या उत्सवात वाजवायचं होतं आणि आज पहिली तालीम. मी बाजारातून नुकतीच आले होते. विकून उरलेली तांदळाची खीर बायकांना द्यावी म्हणून पातेलं घेऊन दारात उभी होते.

“दमलात का, आजी?” ह्यांनी विचारलं. पोनिराह आजी ऐंशीच्या, हे सत्तरीचे, पण त्यांना सगळी आळीच आजी म्हणते.

“मी नाही दमले. गाण्यात मी पाचावर येऊन टेकते ना, तिथे आता पायरीच नाही. पाय हवेत जातो.”

पाच म्हणजे आमच्याकडचा एक सूर. आम्ही सुरांना आकड्यांनीच ओळखतो.

मग मंडळाची पुढारी मुर्तिनिंग पुढे सरकली. शाळेत मास्तरीण आहे, बोलते फार गोड. “काका, मनाला लावून घेऊ नका हं. वय झालं की कान जरा इकडेतिकडे होतात. माझ्या बाबांचंही तसंच झालं होतं. आपण दुसऱ्या कुणाला दाखवू या का?”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. शेजारच्या घरात कपात चमचा वाजला तर त्याचा सूर सांगणारा हा माणूस, आणि ही कालची पोर त्याला बहिरा ठरवते! पण मी ओठ घट्ट मिटून घेतले. कारण तो पाच असा का वाजतोय, ते त्या चावडीत फक्त आम्हा दोघांना माहीत होतं.

एकेचाळीस वर्षांपूर्वी हा संच नवा ओतून आला, तेव्हा ह्यांचं वय एकोणतीस. स्वतःच्या नावावर मिळालेलं पहिलं काम. पाचची पहिली काशाची पट्टी मांडीवर घेऊन कानशीने घासत होते आणि कुणीतरी ओरडत आलं, “अरे, तुझ्या बायकोला कळा सुरू झाल्या!” हे म्हणाले, “कधीपासून?” तोंडाने विचारत राहिले आणि हात आपला चालतच राहिला. पाच उतरला. फार नाही, केसभर. घरी धावत आले तर सुईणीने हाकलून दिलं. मग करायचं काय, म्हणून परत चावडीत गेले आणि त्याच पट्टीवरून बाकीच्या सगळ्या वाद्यांचे पाच जुळवून टाकले. दुसऱ्या दिवशी डोकं ठिकाणावर आलं तेव्हा स्वतःच्याच कानांनी ऐकलं आणि पांढरेफटक पडले.

तेवढ्यात आळीचे तेव्हाचे प्रमुख वादकांना घेऊन आले. वाजवून पाहिलं, डोळे मिटले आणि म्हणाले, “वा! काय पाच लावलाय! किंचित उदास. मोठा होणार हा पोरगा.” आमच्याकडे एक संच दुसऱ्यासारखा कधी लागत नाही, प्रत्येकाची धाटणी वेगळी. त्यामुळे शंका कुणालाच आली नाही. दुसऱ्या आळ्यांतले लोक मुद्दाम ‘तुकिजानचा पाच’ ऐकायला यायचे. त्या नावावर ह्यांना आयुष्यभर कामं मिळाली. ह्यांनी फक्त मला सांगितलं, आमच्या हर्तोनोला मांडीवर घेऊन. मी म्हटलं, “चूक पट्टीत झाली, पोरात नाही. अल्लाची कृपा.” पण आमचं घर चावडीला लागून. तालमीत तो पाच वाजला की ह्यांचा घास हातातच राहायचा. म्हणून संच पुन्हा जुळवायचं ठरलं तेव्हा हे लहान मुलासारखे हरखले. म्हणाले, “मरायच्या आधी पुसून टाकतो.”

आणि पुसलं ते हे असं. आता एक तर बहिरा म्हातारा व्हायचं, नाहीतर एकेचाळीस वर्षांचा लबाड. मी दारातून मान हलवून खूण केली, गप्प बसा. कान गेले म्हणाले तर म्हणू देत. म्हाताऱ्याला लोक माफ करतात.

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली.

“कान शाबूत आहेत माझे,” हे म्हणाले. “आत्ताचा पाच बरोबर आहे. आधीचा चुकला होता. माझ्या हातून.”

खालमानेने ह्यांनी सगळं सांगितलं, अगदी सुईणीसकट.

“म्हणजे एकेचाळीस वर्षं मी चुकीचं गातेय?” आजी म्हणाल्या.

“तुम्ही बरोबरच गायलात, आजी. चूक माझी.”

“मग तेव्हाच सांगायला काय झालं होतं, मेल्या?”

“कौतुक झालं हो. गोड वाटलं. मग सांगायचा दिवस काही उजाडलाच नाही.”

मागून एकजण फिस्सकन हसली. “म्हणजे तो तुकिजानकाकांचा नव्हेच, हर्तोनोचा पाच म्हणा की!” मग सगळ्याच हसत सुटल्या, मुर्तिनिंगसुद्धा. मलाही हसू आवरेना, आणि डोळे का भरले ते कळेना. एवढ्याशा गोष्टीला आम्ही जन्मभर भ्यालो होतो!

आजी मात्र हसल्या नाहीत. “पहिल्या वर्षी ती तुझी चूक होती, तुकिजान. त्यानंतर आम्ही ती वापरली. लोकांनी वापरलेली वस्तू परत नेतात होय? आण ती.”

हे गडबडले. “कुठून आणू? संचातले बावीसच्या बावीस पाच बदललेत मी. पडताळून पाहायला एकही जुना ठेवला नाही.”

मुर्तिनिंगने मोबाइल काढून गेल्या वर्षीचा कार्यक्रम लावला. त्यात ढोल होता आणि कुणाचं तरी पोर रडत होतं, पाच काही नीट ऐकू येईना.

“तो ठेव आत,” आजी म्हणाल्या. “गळा आहे ना माझा. बस खाली, तुकिजान.”

ह्यांनी मोठ्या वाद्याची पाचची पट्टी उचलली आणि उलटी करून मांडीवर घेतली. सूर चढवायचा तर टोकं घासायची, उतरवायचा तर पाठीचा मध्य. आजींनी सूर लावला. ह्यांनी घासलं, वाजवलं, ऐकलं, पुन्हा घासलं. “आता जपून,” हे पुटपुटले. “दोनदा घासून झालीय. जास्त गेलं तर पुन्हा चढवण्याइतका धातू नाही हिच्यात.” तेवढ्यात आजींना खोकल्याची उबळ आली. ती थांबेचना. दुसऱ्या बायकांनी सूर धरून पाहिला, पण मघापासून नव्या पाचाबरोबर गाऊन त्यांचे गळे तिकडेच चढत होते. एकीचा सूर दुसरीशी जुळेना. ह्यांची कानस अधांतरी राहिली.

आणि मी गुणगुणले. जन्मात कधी गायले नाही मी. माझा आवाज बाजारात खीर विकायचा.

ह्यांनी चमकून वर पाहिलं. “तू?”

“मला काय विचारता? भिंतीपलीकडून एवढी वर्षं कोण ऐकतंय?”

“धर. तसाच धर.”

पातेलं खाली ठेवून मी ह्यांच्याजवळ जाऊन बसले आणि धरला. माझ्याकडे बघत ह्यांनी हलकेच घासलं, वाजवलं. थोडं उरलं होतं. पुन्हा घासलं, वाजवलं. केसभर. आजींचा खोकला थांबला होता, पण त्याही गाईनात, नुसत्या ऐकत होत्या. ह्यांनी पुन्हा वाजवलं, आणि पट्टी कुठली, माझा गळा कुठला, ते मलाच कळेना. सवयीने ह्यांचा हात कानशीकडे वळला. “पुरे” म्हणायला तोंड उघडावं तर सूर तुटेल. म्हणून तो तसाच धरून मी ह्यांचं मनगट पकडलं, आणि हात थांबला.