सातव्या पायरीवरची चौकट

ताई आपलं काम सांगायला लागली की पाहुणे जांभया द्यायचे. कारखान्यात तीनशेच्या वर यंत्रं, प्रत्येकाचं एक माहितीपुस्तक, आणि सगळी वर्डमध्ये टाइप केलेली. काही परवाची, काही वीस वर्षांपूर्वीची. ताईने ती एक्सएमएलमध्ये आणायची. म्हणजे काय, तर प्रत्येक मजकुराला तो कोण आहे याची खूण लावायची: ही पायरी, ही टीप, हा धोका. मग कामगाराच्या टॅबवर एकेक पायरी सुटी दिसते, तेलकट हातांनी पानं चाळायला नकोत. विकतचा प्रोग्रॅम हे अर्धंमुर्धंच करायचा. उरलेल्यासाठी ताई स्वतः नियम लिहायची, आणि खरं सांगू का, त्या नियमांचा तिला भलताच तोरा होता. जेवताना धाकट्या भावाला ऐकवायची, "माणूस विसरतो रे. फाइल विसरत नाही."

भाऊ त्याच कारखान्यात ऑपरेटर. तो म्हणायचा, "बरं बाई, तूच शहाणी. भाजी वाढ."

आणि मग तो मंगळवार उजाडला.

त्या दिवशी दुसरी टोळी रजेवर होती म्हणून भावाला आणि फिटरकाकांना एका जुन्या टाकीवर पाठवलं. दोघांनी ती टाकी आधी कधी उघडलेली नव्हती. भाऊ टॅबवरून मोठ्याने वाचत होता, काका करत होते. सातवी पायरी, झाकण उघडा. आठवी, आत उतरून गाळ काढा. काका शिडीवरून उतरले ते पुन्हा वर आलेच नाहीत. आत श्वास घ्यायला हवाच नव्हती, नुसता वायू साचलेला.

चौकशी अधिकाऱ्याने कपाटातलं छापील पुस्तक काढलं. सातव्या पायरीच्या शेजारी ठळक चौकट होती: थांबा, आतली हवा मोजल्याशिवाय उतरू नका. भाऊ म्हणाला, "टॅबवर ही नव्हती, साहेब." कोण ऐकतंय? पुस्तकात आहे म्हणजे टॅबवरही असणारच असं धरलं, आणि त्याच्याकडून काढून घेतलेला टॅब सुनावणीपर्यंत कुणी उघडलाच नाही. ज्या काकूंनी दिलेला डबा तो काकांबरोबर सहा वर्षं खात आला, त्यांनी त्याच्या तोंडावर दार लावलं. आई रडून रडून एकच म्हणायची, "अरे, नीट वाचायचं होतंस ना!" निष्काळजीपणाने माणूस मारला असं ठरलं तर तुरुंग होता, दुसरं काही नाही.

सुरुवातीला तो भांडला. नव्हती म्हणजे नव्हती, म्हणाला. चौथ्या दिवशी म्हणाला, "असेलही." ताईने त्याला धीर द्यायचा की नाही? तर हिचं नाक वर. "नियम मी स्वतः तपासलेत. एखादी ओळ अशी गळून पडत नसते." सख्ख्या भावाला बोलली हे.

सुनावणीच्या आदल्या दिवशी, दुपारी साडेबारा वाजता, तिने ती फाइल उघडली. भावाचंच चुकलं हे एकदा डोळ्यांनी बघून घ्यावं, एवढ्यासाठीच.

भानगड अशी होती. नव्या वर्डमध्ये चौकट काढली की फाइलमध्ये तिच्या दोन प्रती बसतात, एक नव्या पद्धतीची आणि एक जुन्या पद्धतीची, जुन्या कॉम्प्युटरलाही दिसावी म्हणून. त्यामुळे ताईच्या एक्सएमएलमध्ये प्रत्येक चौकट दोनदा यायची. तिने नियम लिहिला: जुन्या पद्धतीची दिसली की काढून टाक. दहा पुस्तकांवर चालवून पाहिला, झकास चालला. ती दहाही पुस्तकं नवी होती. टाकीचं पुस्तक इतकं जुनं, की त्यात नवी प्रत नव्हतीच. जुनी तेवढी होती, आणि ती ताईच्या नियमाने उचलून फेकली होती.

तिने लगेच मोजलं: अशी एकसष्ट पुस्तकं, एकसष्ट यंत्रं. दोनची पाळी लागायला तासभर होता.

तिने नियम दुरुस्त केला. एक ओळ, बस. सगळी पुस्तकं पुन्हा चालवली आणि दोनच्या आत टॅबवर पाठवून दिली. त्यात तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. माणसं यंत्रांवर उभी राहणार होती, त्यांना चौकटी दिसायलाच हव्या होत्या. पण रात्री जेवायला भाऊ समोर बसला होता, तेव्हा तरी तोंड उघडायचं! उद्या सगळ्यांसमोरच सांगते, असं तिने मनाशी ठरवलं आणि त्याला भात वाढला.

सकाळी अधिकाऱ्याने टॅब भावासमोर सरकवला. "काढा सातवी पायरी." त्याने काढली. पिवळी धमक चौकट. तो बघतच राहिला. एकदा बोटाने पुसूनही पाहिली.

"आहे, साहेब," तो म्हणाला.

अधिकारी ताईकडे वळला. मजकुराचं खातं तिचंच. फाइल शेवटची कधी बदलली, त्या तारखा तपासाव्यात हे दुसऱ्या कुणाच्या डोक्यातही आलं नाही. "अपघातानंतर यात काही बदल केलाय का, मॅडम?"

रात्रभर घोकलेलं उत्तर तिच्या जिभेवर होतं. नोकरी दिसली, तुरुंग दिसला, काकूंचं बंद दार दिसलं. आणि मेलीच्या तोंडून निघालं, "नाही."

भावाने जबाबावर सही केली. कुठे करायची ते अधिकाऱ्याने बोट ठेवून दाखवलं.

फाटकापर्यंत दोघं चालत आली. कोर्टाची तारीख पडेपर्यंत त्याला घरी राहायला सांगितलं होतं. सायकलच्या स्टँडजवळ तो थांबला.

"ताई, माफ कर गं. साहेबांपुढे मी तुझ्या कामाला नावं ठेवली. एवढी पिवळी चौकट, आणि मला दिसली कशी नाही? काका माझ्या भरवशावर उतरले गं. मला वेड लागलंय का?"

ताईने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"होतं रे असं," ती म्हणाली. "माणूस विसरतो."